लिनक्ससाठीच बनवलेला गेम लिनक्सवर उघडेना: एका पिक्सेल गेमचं प्रकरण

माझी भाची ॲनिमेशन शिकते आणि फावल्या वेळात पिक्सेल आर्ट करते. तिचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन मात्र धडधाकट होतं. म्हणून आम्ही त्यावर लिनक्सची, डेबियनच्या घराण्यातली एक डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार संच) टाकली. चित्रकलेचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, कॉलेजच्या फाइली हे सगळं लगेच मार्गी लागलं. गाडी अडली ती गेमपाशी.

तिला आवडतात ते नव्याने बनलेले, पण जुन्या धाटणीचे गेम. ठसठशीत चौकोनी पिक्सेल, मोजके रंग, दोन-चार बटणांत आटोपणारा कारभार, आणि चुकलं की पुन्हा त्याच खोलीच्या दारात. या गेमना तगडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, त्यामुळे जुन्या मशीनवर लिनक्स टाकणारे बहुतेक जण आधी यांच्याकडेच वळतात. गेम हलका आहे म्हणजे तो विनासायास चालेल, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. मशीनची ताकद पुरून उरते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती समजून घेतली की कुठली आवृत्ती चालवायची आणि पुढचा गेम कुठून घ्यायचा, हे दोन्ही प्रश्न बरेच सोपे होतात. त्यासाठीच हे प्रकरण इतक्या तपशिलाने लिहिते आहे.

प्रश्नातला गेम हा एक टू-डी प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम. गेल्या दशकाच्या मध्यावर आलेला, छोट्या टीमने बनवलेला. भाचीने तो डीआरएमशिवाय (कॉपी रोखणाऱ्या कुलपाशिवाय) गेम विकणाऱ्या एका दुकानातून पूर्वीच घेतला होता आणि खरेदीत विंडोज व लिनक्स असे दोन्ही इन्स्टॉलर होते. गेमचं नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या काळातल्या कित्येक गेमना सारखंच लागू आहे. एकट्याच्या माथी ते मारणं रास्त होणार नाही.

क्लिक केलं, आणि काहीच झालं नाही

लिनक्सचा इन्स्टॉलर शेल स्क्रिप्टच्या रूपात होता. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी दिली, की नेहमीसारखी खिडकी उघडते, फोल्डर विचारते आणि मेनूत आयकॉन टाकते. इथवर सगळं सुरळीत झालं. आयकॉनवर क्लिक केल्यावर मात्र कर्सर क्षणभर फिरला आणि थांबला. ना गेमची खिडकी, ना चूक सांगणारा संदेश.

गेम असा मुका बसला की इकडेतिकडे उपाय शोधण्याआधी एक काम करावं: गेमच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून तो तिथून चालवावा. मेनूतून चालवताना जे संदेश कुणाला दिसत नाहीत, ते तिथे समोर येतात. आम्हाला मिळालेलं उत्तर चक्रावून टाकणारं होतं. ‘अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही’! फाइल तर डोळ्यांसमोर होती. फोल्डरची यादी मागितली तर तीत तिचं नाव आणि आकार दोन्ही व्यवस्थित येत होते.

या संदेशापाशी नवखे लोक हमखास हात टेकतात, म्हणून जरा थांबून सांगते. सिस्टीम जी फाइल नाही म्हणते आहे, ती गेमची नसतेच. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना त्याला एक लोडर लागतो, आणि कुठला लोडर हवा हे प्रोग्रॅमच्या आतच नोंदलेलं असतं. हा गेम ३२ बिटचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेला होता. नव्या सिस्टीमवर फक्त ६४ बिटचं सामान होतं, त्यामुळे त्याला हवा तो ३२ बिटचा लोडर जागेवर नव्हता. नसलेल्या लोडरबद्दलची तक्रार टर्मिनलने गेमच्या नावावर छापली. ‘फाइल’ नावाची जी छोटी आज्ञा असते, तिला गेमची मुख्य फाइल दाखवली की ती ३२ बिट की ६४ बिट हे एका ओळीत सांगते. अशा वेळी सगळ्यात आधी हीच तपासणी करावी.

डेबियन आणि उबुंटूच्या कुळातल्या डिस्ट्रोंवर ३२ बिटची पॅकेजं वेगळी चालू करावी लागतात. २०१९ च्या जूनमध्ये उबुंटूने ती पूर्णच बंद करायचं जाहीर केलं होतं. गेम खेळणाऱ्यांकडून इतका विरोध झाला की काही दिवसांतच त्यांनी पाऊल मागे घेतलं आणि निवडक ३२ बिट पॅकेजं चालू ठेवली. तो विरोध झाला नसता तर आज असे कितीतरी गेम उघडणं याहून अवघड झालं असतं.

ही पॅकेजं टाकली, लोडर आला आणि संदेश बदलला. आता गेमला ओपनएसएसएल या सुरक्षित कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीची (लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) १.०.० क्रमांकाची आवृत्ती हवी होती. ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्रॅमला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररींची यादी देते आणि जी सापडत नाही तिच्यापुढे तसं लिहिते. आमच्या यादीत असे बरेच रकाने रिकामे होते. ग्राफिक्सच्या आणि आवाजाच्या ३२ बिट लायब्ररी डिस्ट्रोच्या भांडारातून मिळाल्या. ओपनएसएसएलच्या दोन फाइली मात्र तिथे नव्हत्या, आणि नव्हत्या ते योग्यच होतं. ओपनएसएसएलच्या १.०.२ मालिकेचा आधार २०१९ अखेर संपला, त्यानंतरच्या १.१.१ चाही २०२३ मध्ये संपला. सुरक्षा सांभाळणारी लायब्ररी इतकी जुनी ठेवणं कुठल्याच डिस्ट्रोला परवडणारं नाही. उबुंटूत १८.०४ पर्यंत ती मिळत होती.

भाचीने लगेच विचारलं, “मावशी, हा गेम तर ऑफलाइन आहे ना? मग याला सुरक्षित कनेक्शनची लायब्ररी कशाला लागते?”

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. गेमला ती लागत नव्हती. लागत होती ती गेमच्या इंजिनला. गेम बनवणारे बहुधा तयार इंजिन वापरतात, आणि इंजिनचा जो चालवणारा भाग प्रत्येक गेमसोबत जातो, त्यात ऑनलाइन स्कोअरबोर्डपासून वेब-विनंतीपर्यंत सगळ्या सोयींची दारं आधीच जोडलेली असतात. एखाद्या गेमने त्यातलं एकही दार उघडलं नाही तरी सुरू होताना सगळ्या लायब्ररी हजर असाव्याच लागतात. नाहीतर लोडर पुढे जाऊ देत नाही.

लिनक्सवरच्या जुन्या गेमची खरी दुखरी नस इथे आहे. लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जुन्या प्रोग्रॅमशी असलेला व्यवहार मोडत नाही, हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचा जाहीर आणि कडक नियम आहे. सी भाषेची मूळ लायब्ररी ग्लिबसीसुद्धा जुन्या प्रोग्रॅमना बऱ्याच अंशी सांभाळून घेते. पाया आणि छप्पर शाबूत, पण मधल्या भिंती दर काही वर्षांनी नव्याने बांधल्या जातात, अशी ही वास्तू आहे. ओपनएसएसएल, कर्ल, आवाजाचे आणि चित्राचे मधले थर बदलत राहतात. २०१५ च्या सुमारास उबुंटूवर तपासून बाहेर पडलेला प्रोग्रॅम त्या वेळच्या भिंतींना टेकून उभा असतो.

मग आमच्यापुढे काय काय पर्याय होते? जुन्या पॅकेजमधून त्या दोन फाइली काढून सिस्टीमच्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये टाकणं, हा उपाय सर्रास सुचवला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. सुरक्षेची जुनी लायब्ररी सगळ्या सिस्टीमच्या वाटेत ठेवायची आणि उद्या दुसराच एखादा प्रोग्रॅम तिला उचलेल याचा धोका पत्करायचा, तोही एका गेमसाठी, हे मला पटत नाही. आम्ही त्या फाइली फक्त गेमच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि गेम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘एलडी लायब्ररी पाथ’ या व्हेरिएबलने त्या फोल्डरकडे बोट दाखवलं. त्यावर फायरजेल हे प्रोग्रॅमला कोंडून ठेवणारं साधन वापरून गेमचं नेटवर्कही तोडलं. ज्या गेमला इंटरनेट लागतच नाही, त्याच्या बाबतीत एवढी व्यवस्था पुरेशी सुरक्षित आहे.

हाच गेम वाल्व कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असता तर ही वेळ बहुधा आली नसती. स्टीमचा लिनक्स क्लायंट फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आपापल्या डिस्ट्रोच्या लायब्ररींवर गेम सोडून देण्यात अर्थ नाही, हे वाल्वने तेव्हाच ओळखलं होतं. म्हणून स्टीम स्वतःचा लायब्ररींचा संच बरोबर बाळगतं. त्यातला ‘स्काउट’ नावाचा सगळ्यात जुना संच उबुंटू १२.०४ च्या लायब्ररींवर उभा आहे. पुढे ‘सोल्जर’ आणि ‘स्नायपर’ हे अनुक्रमे डेबियन १० आणि ११ वर आधारलेले संच आले, आणि गेम कंटेनरच्या, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्याच्या, आत चालवण्याची सोयही आली. थोडक्यात, गेमला त्याच्या जन्माच्या वेळच्या भिंती परत मिळतात.

एक डोळा मोठा, एक लहान

गेम उघडला. भाचीने पूर्ण स्क्रीन केला, पहिली पातळी खेळली आणि थांबली.

“याचा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा का दिसतोय?”

मी पाहिलं तर मला काही वेगळं दिसेना. तिने स्क्रीनशॉट घेतला, चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठा केला आणि दाखवलं. मूळ चित्रात नायकाचा प्रत्येक डोळा एकेका पिक्सेलचा. स्क्रीनवर एक डोळा चार ठिपके रुंद होता, तर दुसरा पाच. नायक चालू लागला की हा फरक एका डोळ्यावरून दुसऱ्यावर सरकत होता, त्यामुळे चेहरा सतत थरथरल्यासारखा दिसे.

हिशेब सरळ आहे. गेम आतून ३२० बाय १८० पिक्सेलचं चित्र काढतो. ‘सेलेस्ट’ हा २०१८ चा गाजलेला गेमही याच मापाचा आहे, कारण या मापाला सहाने गुणलं की थेट १९२० बाय १०८० येतं आणि चाराने गुणलं की १२८० बाय ७२०. पण १३६६ ला ३२० ने भागलं तर ४.२७ येतात. ठिपक्याचे तुकडे करता येत नाहीत. म्हणून ३२० उभ्या रांगांपैकी २३४ रांगा चार ठिपके रुंद होतात आणि ८६ रांगा पाच ठिपके. आडव्या रांगांचंही तसंच: १३२ चार ठिपक्यांच्या, ४८ पाचच्या. कुठली रांग जाड आणि कुठली बारीक हे स्क्रीनवरच्या जागेवर ठरतं, चित्रावर नाही. म्हणूनच नायक हलला की त्याचा चेहरा बदलतो.

काही गेम या असमानतेवर उपाय म्हणून चित्र किंचित धूसर करतात. रांगा मग सारख्या भासतात, पण कडा पुसट होतात. पिक्सेल आर्टिस्टने एकेक ठिपका विचार करून ठेवलेला असतो, त्यावर असा बोळा फिरवणं मला तरी बघवत नाही.

योग्य उपाय म्हणजे पूर्णांकाच्या पटीतच चित्र वाढवायचं. या स्क्रीनवर चौपट, म्हणजे १२८० बाय ७२०, आणि उरलेल्या जागेत काळी पट्टी: डावी-उजवीकडे ४३ ठिपके, वर-खाली २४. एवढीशी जागा जाते, पण चित्र कोरीव दिसतं. गेमच्या सेटिंगमध्ये ‘चार पट’ असा खिडकीचा आकार होता, पण भाचीला मागचा डेस्कटॉप दिसायला नको होता. तिथे वाल्वचं गेमस्कोप कामाला आलं. गेमभोवती एक स्वतंत्र छोटा स्क्रीन तयार करणारं हे साधन आहे. आतला आकार ३२० बाय १८०, बाहेरचा १३६६ बाय ७६८, वाढ पूर्णांकी आणि फिल्टर ‘निअरेस्ट’ असं सांगितलं की बाकीचं ते बघतं. स्टीम डेक या वाल्वच्या हातात धरायच्या गेमयंत्रावर खेळतानाही हेच गेमस्कोप काम करत असतं. त्याला वल्कन ही ग्राफिक्सची यंत्रणा लागते. सहाव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला मेसा या खुल्या ड्रायव्हरमधून ती नीट मिळते; चौथ्या पिढीच्या किंवा त्याहून जुन्या इंटेलवर मात्र वल्कनचा आधार अपुरा आहे. तिथे आपली गेमची चौपट खिडकीच बरी.

वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) डेस्कटॉप १२५ टक्के मोठा करून ठेवला असेल तर एक्सवेलँड या जुन्या प्रोग्रॅमसाठीच्या पुलावरून चालणारे जुने गेम त्यापायीही पुसट दिसू शकतात. चित्र धूसर आलं की गेमला दोष देण्याआधी ती सेटिंग तपासावी.

जुन्या काचेच्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा दाखवणारे फिल्टरही मिळतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातले मूळ गेम त्या पडद्यांसाठीच रंगवले होते, तिथे ते शोभतात. सपाट स्क्रीनवर, ठिपका मोजून काढलेल्या आजच्या चित्रांना त्यांची गरज मला वाटत नाही. भाचीने एकदा लावून पाहिला आणि काढून टाकला.

मग तिने लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडला. तो १९२० बाय १०८० चा, म्हणजे अचूक सहापट. चित्र नितळ, पण मागचा देखावा सरकताना ठेचकाळत होता. मॉनिटर सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलत होता आणि गेम ६० फ्रेम देत होता. म्हणजे मॉनिटरच्या दर पाच फेऱ्यांना गेमच्या चारच फ्रेम, आणि दर चौथी फ्रेम दोनदा दिसणार. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर आणला आणि सरकणं लोण्यासारखं झालं. इतर प्रकारच्या गेममध्ये हे कळतही नाही. एकाच वेगाने सरकणाऱ्या टू-डी पार्श्वभूमीवर मात्र डोळा लगेच अडखळतो.

कंट्रोलर, आणि बदललेला निर्णय

एवढं झाल्यावर कंट्रोलरची पाळी आली. भाचीचा ब्लूटूथ कंट्रोलर सिस्टीमला दिसत होता, चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये सगळी बटणं नीट उमटत होती, पण गेममध्ये उडीच्या जागी पॉज येई आणि दिशांची बटणं मृत. कारण पुन्हा तेच: वय. कुठल्या कंट्रोलरचं कुठलं बटण कोणतं, याची एक यादी गेम आपल्याबरोबर बाळगतो. ती गेमच्या जन्माच्या वेळची, आणि कंट्रोलर त्यानंतर बाजारात आलेला. जे गेम एसडीएल (खिडकी, आवाज, कंट्रोलर सांभाळणारी लायब्ररी) वापरतात, त्यांना नवी यादी एका व्हेरिएबलमधून पुरवता येते. इतकंच काय, ‘एसडीएल डायनॅमिक एपीआय’ हे व्हेरिएबल वापरून गेममधल्या जुन्या एसडीएल २ ऐवजी सिस्टीममधली ताजी एसडीएल वापरायलाही लावता येतं. ही सोय एसडीएलच्या लोकांनी फार दूरदृष्टीने करून ठेवली आहे. आमच्या गेमचं इंजिन मात्र कंट्रोलर आपल्याच पद्धतीने वाचत होतं, त्यामुळे यातलं काहीच लागू पडलं नाही.

या टप्प्यावर मी दुकानातलं गेमचं पान पुन्हा नीट वाचलं. विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सच्या इन्स्टॉलरपेक्षा नव्या आवृत्तीचा होता. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी नंतर केलेल्या दुरुस्त्या लिनक्सपर्यंत पोचल्याच नव्हत्या. आता मूळ लिनक्स आवृत्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

हिरोइक गेम्स लाँचर या, स्टीमबाहेरच्या दुकानांचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून आम्ही त्याच खरेदीतली विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर लावली. प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवण्यासाठी वाल्वने वाइनवर उभारलेली व्यवस्था. ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली. वाइन हा प्रकल्प तर १९९३ पासून चालू आहे. पहिल्यांदा सुरू होताना थोडा वेळ गेला, कारण विंडोजसारखी फोल्डरांची रचना आधी तयार होते. त्यानंतर गेम उघडला, कंट्रोलर न सांगता ओळखला गेला आणि उडीचं बटण उडी मारू लागलं. ओपनएसएसएलच्या त्या दोन फाइलींचं नावही निघालं नाही. गेमस्कोप बाहेरून तसंच लावता आलं.

हे इतकं सोपं का झालं, हे लक्षात घेण्याजोगं आहे. विंडोज आवृत्ती ज्या व्यवस्थेवर टेकते, ती बदलत नाही. आणि तिची नक्कल करणारं वाइन मात्र आजही दर काही आठवड्यांनी दुरुस्त होतं. नवा कंट्रोलर आला, नवी ध्वनियंत्रणा आली, की वाइन ती शिकून घेतं आणि जुना गेम आहे तिथेच राहतो. लिनक्ससाठी बनवलेल्या त्या जुन्या प्रोग्रॅमच्या मागे असं रोज राबणारं कुणी नव्हतं.

सेव्ह फाइल हलवणं जिकिरीचं जाईल असं वाटलं होतं, कारण तिने लिनक्स आवृत्तीत बऱ्यापैकी मजल मारली होती. ती सेव्ह होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये होती. विंडोज आवृत्ती तीच फाइल प्रोटॉनने बनवलेल्या रचनेत ‘ॲपडेटा’च्या ‘लोकल’मध्ये शोधत होती. दोन्हींचा साचा एकच निघाला, म्हणून नुसती कॉपी पुरली. फाइलच्या नावातलं एक अक्षर लिनक्समध्ये लहान लिपीतलं आणि विंडोजमध्ये मोठ्या लिपीतलं होतं. वाइन अशा फरकाकडे विंडोजसारखाच काणाडोळा करतं, त्यामुळे या दिशेने ते खपून गेलं. उलट दिशेने कॉपी केली असती तर फाइल डोळ्यांसमोर असून लिनक्स आवृत्तीला ती दिसली नसती. जुनी फाइल आम्ही वेगळी जपून ठेवली आहे; तुम्हीही तशी ठेवावी.

पुढचा गेम घेताना

‘मग लिनक्स आवृत्ती असलेले गेम घ्यायचेच नाहीत का?’ असा निष्कर्ष भाची काढू पाहत होती. मी तिला थांबवलं, कारण सगळ्या लिनक्स आवृत्त्या सारख्या नसतात.

तिच्याच संग्रहात ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ होता, टेरी कॅव्हनाचा २०१० चा गेम. त्याचा सोर्स कोड २०२० च्या जानेवारीत, गेमच्या दहाव्या वाढदिवशी खुला झाला. चित्रं आणि संगीत असलेली फाइल आपल्या खरेदीतली घ्यायची आणि प्रोग्रॅम आजच्या सिस्टीमवर नव्याने बांधायचा. असा गेम भिंती बदलल्या तरी पडत नाही. ‘सेलेस्ट’ची लिनक्स आवृत्ती एफएनएवर आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सएनए ही आपली गेम बनवण्याची चौकट सोडून दिल्यावर त्याची हुबेहूब खुली प्रतिकृती म्हणून ईथन ली यांनी एफएनए उभं केलं आणि कितीतरी गेम लिनक्सवर आणले. तिथे गेमचा मूळ भाग तसाच राहतो आणि खालच्या मोजक्या लायब्ररी नव्या घालता येतात. अशा गेमची लिनक्स आवृत्ती मी निर्धास्त घेईन.

म्हणून विकत घेण्याआधी ‘लिनक्स’ या चिन्हाच्या पलीकडे बघायचं. लिनक्स आवृत्तीचा क्रमांक विंडोज आवृत्तीइतकाच पुढे आहे का? प्रोग्रॅम ६४ बिटचा आहे का? सोर्स खुला आहे का, किंवा एफएनएसारखा बदलता येणारा पाया आहे का? प्रोटॉनडीबी या साइटवर, कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो याच्या खेळणाऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी वाचाव्यात, पण त्यातल्या ताज्याच, आणि ‘प्लॅटिनम’ हा शिक्का पाहून न थांबता. आपल्यासारखा स्क्रीन आणि आपल्यासारखा कंट्रोलर असलेल्या माणसाची दोन ओळींची नोंद शिक्क्याहून जास्त कामाची असते. लिनक्स आवृत्ती रेंगाळलेली दिसली, तर विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर खेळावी आणि त्यात कमीपणा मानू नये. स्टीमवर प्रोटॉनने खेळणारा माणूस गेम बनवणाऱ्यांच्या हिशेबात लिनक्सचाच धरला जातो, हे वाल्वने सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं.

दुकानांचं म्हणाल तर माझा कल उघड आहे: छोटा, एकट्याने खेळायचा, ऑफलाइन गेम असेल तर जिथे इन्स्टॉलर उतरवून आपल्यापाशी ठेवता येतो तिथूनच घ्यावा. गॉग या डीआरएमशिवाय विकणाऱ्या दुकानाने जुलै २०१४ मध्ये लिनक्सचे गेम विकायला सुरुवात केली. त्यांचा गॅलक्सी क्लायंट लिनक्सवर नाही, पण इन्स्टॉलर ब्राउझरमधून मिळतात आणि हिरोइक किंवा लुट्रिससारखे लाँचर बाकीचं सांभाळतात. पैसे परत मागायला तिथे ३० दिवस मिळतात. इच या छोट्या गेमच्या दुकानात तर नुसती फाइलच मिळते, आणि विक्रीतला किती वाटा दुकानाला द्यायचा हे गेम बनवणारा स्वतः ठरवतो. एखाद्या विद्यार्थ्याचा पहिला गेम घ्यायचा तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

स्टीमची बाजू मी कमी लेखत नाही. लायब्ररींचे ते संच, प्रोटॉन, कंट्रोलरची व्यवस्था, हे सगळं बसल्या जागी मिळतं. ज्याला टर्मिनल उघडायचंच नाही त्याने बेलाशक तिथूनच घ्यावं. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. तो वेळ खेळण्यात न घालवता आधी तपासण्यात घालवावा: पूर्ण स्क्रीनमध्ये चित्र कसं येतं, कंट्रोलर लागतो का, गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर सेव्ह जागेवर आहे का. आणि हे ध्यानात ठेवावं की तिथे मिळतो तो वापराचा परवाना. २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच तसं लिहू लागलं आहे. तिथले कित्येक छोटे गेम स्टीम बंद असतानाही फोल्डरमधून चालतात, पण ते प्रत्येक गेमवर अवलंबून आहे.

गेम पडलेल्या किमतीतच घ्यायचा, या सवयीबद्दलही भाचीशी बोलणं झालं. २०१० च्या मे महिन्यात पहिला हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या टीमच्या गेमचा गठ्ठा, आला. ‘हवी ती किंमत द्या’ असा सौदा होता, आणि लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजले. ते आकडे सगळ्यांसमोर होते. छोट्या टीमना लिनक्सकडे गांभीर्याने बघायला त्यांनी भाग पाडलं, असं मी मानते. लिनक्स आवृत्ती जिवंत ठेवणाऱ्या माणसाला पूर्ण किंमत द्यायला मला आनंदच वाटतो.

शेवटी भाचीने स्वतःसाठी निवडला तो या सगळ्या गुंत्याबाहेरचा गेम: ‘मायक्रो मेजेस’, २०१९ चा. नव्या लोकांनी बनवलेला, पण खऱ्याखुऱ्या एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्रासाठी, अवघ्या ४० किलोबाइटच्या रॉममध्ये (कार्ट्रिजमधल्या गेमच्या फाइलमध्ये) बसणारा. विकत मिळते ती रॉमची फाइल, जी कुठल्याही चांगल्या एनईएस इम्युलेटरवर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालते. ३२ बिट, ओपनएसएसएल, विंडोज, लिनक्स यातल्या कशाचाच तिच्याशी संबंध नाही. बनवणाऱ्यांनी स्वतः विकलेली फाइल असल्याने कायद्याचाही प्रश्न येत नाही.

त्या ४० किलोबाइटमध्ये चित्रं कशी बसवली, हे समजून घेण्यात ती आता गुंतली आहे. जोडीला जीबी स्टुडिओ हे खुलं साधन उतरवून घेतलंय. ते लिनक्सवर चालतं आणि गेम बॉयचा रॉम बनवून देतं. स्क्रीन १६० बाय १४४, छटा चार. तिच्या लॅपटॉपवर ते चित्र अचूक पाचपट करता येतं, म्हणजे ८०० बाय ७२०. हा हिशेब तिने मला विचारण्याआधीच मांडून ठेवला होता.